विचारलं तरच सांगायचं

काकूंना आतापर्यंत चार नवरे सोडून गेले होते, दोन वारले होते आणि एक दारू पिऊन मारहाण करायचा. सासूनं छळलं ते वेगळंच. दोनदा नोकरी गेली होती, एकदा घर जळलं होतं, आणि एकदा तर त्या स्वतःच सासू होऊन सुनेचा जीव नकोसा करून बसल्या होत्या. हे सगळं दर बुधवारी, दुपारी दोन ते चार या वेळात. चार वाजले की काकू डोळे पुसायच्या, चपला पायात सरकवायच्या आणि आपल्या एकुलत्या एका, धडधाकट, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नसलेल्या नवऱ्यासाठी वाटेत पाव घेऊन घरी जायच्या.

चष्म्याच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर ते समुपदेशन केंद्र होतं. मनाचं दुखणं घेऊन येणाऱ्यांशी बोलायचं कसं, त्याहून महत्त्वाचं म्हणजे गप्प राहायचं कसं, हे तिथं शिकवत. शिकणाऱ्यांना एकदम खऱ्या दुखणेकऱ्यासमोर कसं बसवायचं? न्हाव्याचा मुलगा आधी भोपळ्यावर वस्तरा चालवतो म्हणतात, तसा यांनाही एक भोपळा लागायचा. अकरा वर्षं तो भोपळा काकू होत्या. त्या स्वतःच तसं म्हणायच्या आणि स्वतःच हसायच्या.

केंद्र चालवणाऱ्या मोठ्या बाई वयानं काकूंएवढ्याच, पण धाक असा की जिन्यात त्यांच्या चपलांचा आवाज आला की शिकाऊ मंडळी पाठीचे कणे ताठ करायची. सरावासाठी त्यांनी बासष्ट कार्डं लिहिली होती. बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात ती ठेवलेली असत. प्रत्येक कार्डावर तीन ओळी. पहिलीत, तुम्ही कोण. दुसरीत, काय सांगायला आलात. तिसरी ओळ लाल शाईनं, आणि तिच्या आधी नेहमी तेच शब्द: ‘विचारलं तरच सांगायचं.’ म्हणजे बघा, झोप लागत नाही म्हणून एक गृहस्थ आलाय, ही दुसरी ओळ. वडिलांना अग्नी द्यायला तो गेलाच नव्हता, ही तिसरी. शिकाऊ माणूस नीट ऐकणारा असेल तर त्या लाल ओळीपर्यंत पोचतो. नसेल तर झोपेच्या गोळ्यांवर बोलून उठतो. मार्क त्याचेच असत.

आणखी एक नियम होता. कार्ड समोरच्या तिवईवर उताणं ठेवायचं. भूमिका करता करता सरावाच्या माणसाचं स्वतःचं काही दुखायला लागलं, तर कार्ड पालथं घालायचं. पालथं पडलं की जो जिथं असेल तिथं थांबायचं, एक शब्दही पुढं नाही. मोठ्या बाई उठून स्वतः चहा करून आणत आणि तो दिवस तिथंच संपे. बाकी दोन-तीन जण सरावाला यायचे, त्यांनी कधी ना कधी कार्ड पालथं घातलं होतं. काकूंनी अकरा वर्षांत एकदाही नाही. “काकू म्हणजे लोखंड आहेत हो,” मोठ्या बाई नव्या बॅचला सांगायच्या. काकू मान खाली घालून रुमालाची घडी नीट करत बसायच्या.

लोखंड बाहेरून घट्ट दिसतं एवढंच. आत काय होतं ते देवाला ठाऊक.

आणि देवालाही काकूंनी ते कधी तोंडानं सांगितलं नव्हतं. रोज सकाळी अंघोळ झाली की त्या हात जोडून उभ्या राहायच्या. नवऱ्याचा रक्तदाब, शेजारणीचं बाळंतपण, दूधवाल्याचा मोडलेला पाय, सगळ्यांची वर्णी लावायच्या. एका वाक्यापाशी मात्र जीभ थबकायची. ‘तुला ठाऊकच आहे,’ असं म्हणून त्या डोळे उघडायच्या. चौदा वर्षांपूर्वी त्यांची पंधरा वर्षांची मुलगी, जिला घरात सगळे ठकी म्हणायचे, तीन दिवसांत गेली. ती ज्या सकाळी आजारी पडली त्या सकाळी तिला घराबाहेर काकूंनीच पाठवलं होतं. हे वाक्य त्यांना एकदा, फक्त एकदा, कुणाच्या तरी कानावर घालायचं होतं. सल्ला नको, कीव नको, ‘जाऊ द्या, देवाची इच्छा’ तर मुळीच नको. कुणीतरी विचारावं आणि आपण सांगावं, बस.

खरं म्हणजे त्या केंद्रात पहिल्यांदा त्या आल्या होत्या त्या यासाठीच.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. बँकेत काम आहे म्हणून घरात सांगून त्या तो जिना चढल्या होत्या. खालच्या चष्म्याच्या दुकानापाशी दोनदा मागं फिरल्या, तिसऱ्यांदा चढल्या. वर खिडकीपाशी एक फॉर्म भरून घेतला. कशासाठी आलात, या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘मुलीबद्दल बोलायचं आहे.’ तीन वाजता तुमचा नंबर, असं सांगून त्यांना बाकावर बसवलं. अडीचला आतलं दार उघडलं आणि मोठ्या बाई वाऱ्यासारख्या बाहेर आल्या. सरावाला ज्या कुणी बाई यायच्या होत्या त्या आल्याच नव्हत्या. मोठ्या बाईंनी बाकाकडे पाहिलं, बाकावर एकच बाई.

“तुम्हीच ना सरावासाठी? किती उशीर हो! चला, चला. हे वाचून घ्या, जाता जाता.”

काकूंच्या हातात कार्ड आलं. भाजीवाल्यानं पावशेराऐवजी अर्धा किलो घातला तरी ‘राहू द्या’ म्हणणारी ही बाई, ती काय नाही म्हणणार? आत खुर्चीवर एक लांबटांग मुलगा बसला होता, त्याचे गुडघे असे थरथरत होते की तिवईवरचा पेला किणकिणत होता. काकूंना त्याचीच दया आली. कार्डावर होतं, बहीण बोलत नाही. काकूंना बहीणच नव्हती. पण नसलेल्या बहिणीसाठी त्या अशा रडल्या की तो लांबटांग स्वतः रडायचा राहिला. बाहेर खिडकीवरच्या माणसानं तीन वाजता नंबर पुकारला. बाकावर कुणी नव्हतं.

“पुढच्या बुधवारी याल?” मोठ्या बाईंनी विचारलं. इतक्या वर्षांत कुणी ‘याल का’ म्हणून विचारलं नव्हतं. काकू हो म्हणाल्या.

आधी संकोच होता. मग सवय झाली. मग नाव झालं, आणि एकदा नाव झालं की माणूस नावाच्या आतच राहायला लागतो. लोखंडानं कुठल्या तोंडानं म्हणायचं, की मी खरं तर बाकावरची आहे?

शिकाऊ मंडळींचं मात्र काकूंनी फार भलं केलं. दोन खुर्च्या घड्याळातल्या दहा आणि दोनसारख्या तिरप्या मांडलेल्या असत, म्हणजे पाहावंसं वाटलं तर पाहता यावं आणि नको असेल तर खिडकीकडे नजर जावी. भिंतीवरचं घड्याळ मुद्दाम बोलणाऱ्याच्या डोक्यामागं लावलं होतं, ऐकणाऱ्याला चोरून पाहता यावं म्हणून. काकू शेवटी म्हणायच्या, “बाळ, तीनदा पाहिलंस. दुसऱ्यांदा पाहिलंस तेव्हा माझा नवरा नुकताच मेला होता.” शिकाऊ लाजून लाल व्हायचे. एकीला त्यांनी सांगितलं, “तू ‘समजू शकते’ म्हणालीस ना, तिथं मी बोलायची थांबले. तू समजलीस, मग मी कशाला दम घालवू?” मोठ्या बाई हे सगळं वहीत उतरून घ्यायच्या आणि पुढच्या बॅचला शिकवायच्या. काकूंच्या अशा बोलण्याची एक फाइलच झाली होती, कपाटात, पुस्तकांच्या शेजारी. नवीन मुलं ती आधी वाचायची, पुस्तकं नंतर.

घरी काकू ‘महिला मंडळात जाते’ म्हणायच्या. नवरा पाणीपुरवठा खात्यातून मीटर तपासनीस म्हणून निवृत्त झाला होता. कुणाच्या घरी गेला तरी आधी नळ घट्ट बंद आहे का ते बघायचा. माणूस वाईट नव्हता. पण ठकीला पोचवून आल्यावर दारात चप्पल काढता काढता तो एकच वाक्य बोलला होता, “तूच पाठवलंस.” त्यानंतर चौदा वर्षांत तिचं नाव घरात उच्चारलं गेलं नाही. काकू आणि तो एकमेकांशी भांडत नसत. मीठ कमी आहे, वीज गेली, पंखा पुसायला हवा, असं बोलायचे. तिची कंपासपेटी पुस्तकांच्या फळीवर होती. काकू दर आठवड्याला तिच्याखालची धूळ पुसायच्या आणि पेटी परत तिथंच, तशीच तिरकी ठेवायच्या.

मग एका बुधवारी मोठ्या बाईंनी सगळ्यांना बसवून सांगितलं की पुढच्या सत्रापासून सराव चित्रफितींवर होईल. “फीत हवी तिथं थांबवता येते, मागं नेता येते. एकाच वेळी तीस जणांना दाखवता येते. काकूंना आपण किती रडवायचं अजून?”

सगळे हसले. काकूही हसल्या.

“मग डबा कुणाला देणार?” त्यांनी विचारलं.

“डबा तुम्हीच घेऊन जा, आठवण म्हणून. बिस्किटं मात्र नाहीत हं त्यात.”

दोनच बुधवार उरले होते. जिना उतरताना काकूंच्या मनात आलं, अकरा वर्षं आपण आज ना उद्या म्हणत बसलो आणि आता उद्याच संपला. देवा, या दोनांतल्या एकात तरी मला तोंड दे.

पहिल्या बुधवारी समोर आला तो सल्लागार. हे त्याचं टोपणनाव, मुलांनीच ठेवलेलं, कारण समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याचा सल्ला तयार असायचा. काकू मनाशी ठरवून आल्या होत्या. कार्ड होतं, मुलगा परदेशी गेला, घर खायला उठतं. काकूंनी जरा वाट वाकडी केली.

“घरात एक कंपासपेटी आहे,” त्या म्हणाल्या, “तिला हात लावला की माझा जीव—”

“मग ती कुणाला तरी देऊन टाका ना!” सल्लागार उत्साहानं म्हणाला. “गरजू विद्यार्थ्याला. तुम्हालाही बरं वाटेल. आणि सकाळी फिरायला जाता का तुम्ही?”

“जाते हो,” काकू म्हणाल्या आणि परत मुलाच्या परदेशाकडे वळल्या. पालथ्या घड्यावर पाणी. मोठ्या बाईंनी कोपऱ्यातून असा सुस्कारा टाकला की सल्लागाराला कळलं, आपलं काही खरं नाही. नंतर तो चहा प्यायला काकूंच्या शेजारी आला. “काकू, मला कळतच नाही हो, गप्प बसलं की मला वाटतं मी फुकट पगार खातोय.” काकूंनी त्याच्या पाठीवर थोपटलं. “तुला पगार कुठाय अजून?” त्या म्हणाल्या. पोरगं खुदकन हसलं. काकूंचा एक बुधवार गेला.

दुसऱ्या, म्हणजे शेवटच्या बुधवारी समोर चष्मेवाली बसली. बारीक, कुणाच्या अध्यात न मध्यात, वर्गात मागच्या बाकावर बसणारी मुलगी. तिची ही शेवटची परीक्षा होती, यात पास झाली तरच तिला खरी माणसं मिळणार होती. काकूंना मिळालेलं कार्ड साधं होतं. पहिली ओळ, वय छप्पन्न, शिवणाच्या सामानाचं दुकान होतं. दुसरी, दुकान विकल्यापासून कशात लक्ष लागत नाही. तिसरी, लाल, विचारलं तरच सांगायचं: दुकान विकायचा सौदा नवऱ्याला न सांगता केला.

काकूंनी कार्ड तिवईवर उताणं ठेवलं आणि सुरुवात केली. दोरे, बटणं, कायम गळ्यात असलेली मापाची फीत. चष्मेवालीच्या हातात प्रश्नांचा कागद होता. दोन प्रश्न तिनं कागदातले विचारले. मग ती थांबली, कागदाची घडी घातली आणि खुर्चीखाली सरकवून दिली. बराच वेळ काही बोललीच नाही. घड्याळाकडेही पाहिलं नाही.

मग म्हणाली, “ज्या दिवशी ते झालं ना, त्या दिवशी सकाळी काय झालं?”

बासष्ट कार्डांत कुठंही सकाळ नव्हती. काकूंनी तोंड उघडलं ते दुकानासाठी. बाहेर जे आलं त्यात दुकान नव्हतं.

“सकाळी ती म्हणाली, पोटात दुखतंय,” काकू म्हणाल्या. “गणिताचा पेपर होता. गणित असलं की तिचं दुखायचंच. मी साखरपाणी द्यायची, दहा वाजेपर्यंत बरं व्हायचं. त्या दिवशीही दिलं. ती परत आली. म्हणाली, आई, आज खरंच दुखतंय. मी म्हटलं, तुझं रोजच खरंच दुखतं. केस विंचरून दिले. ती वाकून उभी होती, मी म्हटलं सरळ उभी राहा, भांग वाकडा जातोय. मग बूट घालायला ती खाली बसली आणि तिला उठताच येईना. मी दंडाला धरून उठवलं. दारापर्यंत मी नेलं. ती उंबऱ्यात थांबली, मी पाठीला हात लावून... हलकाच लावला होता हो. पण लावला.”

मुलगी हलली नाही.

“दुपारी शाळेतून निरोप आला. अपेंडिक्स फुटलं होतं. डॉक्टर म्हणाले, सकाळीच आणलं असतं तर. पुढचं ते बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी गेली. पंधरा वर्षांची होती.”

काकूंचा हात कार्डाकडे गेला. बोटं कडेला टेकलीसुद्धा. पण कार्ड पालथं पडलं की सगळं थांबणार. नियमच होता तसा, मायेपोटीच केलेला. मोठ्या बाई उठणार, चहा येणार, आणि चौदा वर्षांनी कसंबसं निघालेलं वाक्य अर्ध्यावर राहणार. काकूंनी हात मागं घेतला. कार्ड उताणंच राहिलं.

“तिला मी पाठवलं,” त्या म्हणाल्या. “मीच पाठवलं.”

चष्मेवालीनं काचांआडून त्यांच्याकडे पाहिलं. हळूच विचारलं, “हे तुम्हाला कधी कुणी विचारलं का हो?”

“नाही,” काकू म्हणाल्या. “कुणीच नाही.”

वेळ संपल्याची घंटी वाजली. आणि काय सांगावं, मागं भिंतीशी बसून पाहणाऱ्या सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. सल्लागार तर उभा राहिला. “काकू, आज कमाल केलीत!” मोठ्या बाईंनीही चष्मा काढून डोळे टिपले. “अकरा वर्षांत असं काम पाहिलं नाही,” त्या म्हणाल्या. मग चष्मा परत चढवून मुलीकडे वळल्या. “पण तू मात्र वाहवत गेलीस. काकू कार्ड सोडून लांब गेल्या, ती तुझी परीक्षा होती. तू त्यांना दुकानाकडे परत आणायला हवं होतंस. सौद्याची गोष्ट निघालीच नाही. तिसरी ओळ राहिली.” त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि खाली रेघ ओढली. चष्मेवालीची मान खाली गेली ती वर आली नाही.

काकूंनी हे पाहिलं, आणि तोंडात मूग धरून बसल्या.

जिन्यात मुलगी मागून धावत आली. “काकू,” ती म्हणाली, “एक विचारू? कार्डावर मुलगी नव्हती. मला ते खरं वाटलं. खरंच वाटलं.”

काकूंनी डबा छातीशी धरला होता. “अगं वेडे,” त्या हसून म्हणाल्या, “त्यालाच तर अभिनय म्हणतात.”

मुलगी दोन पायऱ्या वरच थांबली. “बरं,” एवढंच म्हणाली, आणि परत वर गेली.

पावाच्या दुकानापाशी काकूंच्या लक्षात आलं की आपण पैसे दिले आणि पाव घेतलाच नाही. तिथंच रस्त्याच्या कडेला त्या उभ्या राहिल्या. आणखी एका पोरीनं येऊन सांगितलं होतं, खरंच. आणि तिलाही आपण साखरपाणी देऊन वाटेला लावलं. पाठीला हात लावून.

दुसऱ्या दिवशी सकाळी हात जोडून उभ्या राहिल्यावर काकूंनी कुणासाठीच काही मागितलं नाही. डबा उचलला आणि गुरुवार असूनही निघाल्या. गुरुवारी केंद्रात सुपरव्हिजन असे. म्हणजे शिकाऊ मंडळी आपापलं आठवड्याचं काम, कुठं चुकलं कुठं अडलं, ते मोठ्या बाईंपुढं मांडत. काकू पोचल्या तेव्हा चष्मेवालीच आत होती. तिच्यापुढं तिनं लिहून आणलेला कागद होता आणि त्यातल्या एका वाक्याखाली मोठ्या बाईंची लाल रेघ होती. ‘मला वाटतं ही त्यांची स्वतःची गोष्ट होती.’ रेघेशेजारी लिहिलं होतं, ‘नको ते शोधू नये.’

“काकू? आज कशा?” मोठ्या बाई म्हणाल्या.

काकूंनी डबा उघडला. वरचंच कार्ड कालचं होतं. ते त्यांनी मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवलं आणि पालथं घातलं.

खोलीत कुणी काही बोललं नाही. नियमच तसा होता.

“हिचे मार्क दुरुस्त करा,” काकू म्हणाल्या. “तिसरी ओळ हिनं गाठली होती. माझी.”

मोठ्या बाई सवयीनं चहासाठी उठल्या, आणि अर्ध्या वाटेत थांबून परत बसल्या. मग काकूंनी त्यांना तो बाक सांगितला. अडीच वाजता, खिडकीशेजारचा, तीन वाजताचा नंबर. हे सगळं त्यांनी अगदी थोडक्यात सांगितलं, जणू ती कुणा दुसरीचीच गोष्ट होती.

मोठ्या बाई कपाटापाशी गेल्या. जुने फॉर्म वर्षावर्षाचे दोऱ्यानं बांधून खालच्या कप्प्यात ठेवलेले होते. त्या जमिनीवर बसून गठ्ठा सोडू लागल्या. चष्मेवाली मदतीला उठली, तर त्यांनी हातानंच नको म्हटलं. बऱ्याच वेळानं एक पिवळा पडलेला कागद निघाला. ‘मुलीबद्दल बोलायचं आहे,’ काकूंच्या गोल अक्षरात. त्याच्यावर आडवं, मोठ्या बाईंच्या हातचं: ‘आल्या नाहीत.’

“मीच लिहिलंय,” मोठ्या बाई म्हणाल्या. जमिनीवर बसूनच म्हणाल्या. “दर बुधवारी तुम्ही माझ्यासमोर होतात. आणि मी मुलांना ऐकायला शिकवत होते.”

“तुमची काय चूक? मीच बोलले नाही.”

“असं नका म्हणू,” मोठ्या बाई म्हणाल्या. “निदान तुम्ही तरी नका म्हणू.” त्यांनी लाल पेनानं मुलीच्या कागदावरची रेघ खोडली. खोडताना कागद फाटला.

मग एका चिठ्ठीवर त्यांनी नाव आणि पत्ता लिहिला. त्यांना स्वतःला काकूंचं ऐकता येणार नव्हतं. अकरा वर्षांची ओळख मध्ये आली की ऐकणारा ऐकणारा राहत नाही, हे त्याच शिकवत आल्या होत्या. चष्मेवालीनं ऐकणंही चालणार नव्हतं, ती अजून शिकाऊ होती. “या फार चांगल्या आहेत,” त्या म्हणाल्या. “मी आत्ता फोन करते. सोमवारी जाल? जाल ना, काकू?”

“जाईन,” काकू म्हणाल्या, आणि त्यांना जायचंही होतं. पण चिठ्ठी पिशवीत ठेवताना त्यांना वाटलं, अकरा वर्षं ज्या खोलीत रडले, त्या खोलीत माझ्या स्वतःच्या रडण्याला काही जागा झाली नाही. निघताना चष्मेवाली दारापर्यंत आली. काकूंनी तिच्या पाठीवर ठेवायला हात उचलला, आणि पाठीऐवजी तिचा हात हातात घेतला.

घरी आल्या तेव्हा नवरा स्वयंपाकघरात ओट्याचा नळ खोलून बसला होता. नळाचा वायसर झिजला होता. नळाखाली अर्धं भरलेलं पातेलं, पान्हा, दोरा, जुन्या वायसरांची डबी, असा सगळा पसारा मांडलेला. “मंडळ आज गुरुवारी?” त्यानं मान वर न करता विचारलं.

काकूंनी खुर्ची ओढली. समोर नाही, जरा तिरपी ठेवली. बसल्या. इतकी वर्षं आपल्यालाच कुणी विचारत नाही म्हणून आपण झुरलो, असं काहीसं त्यांच्या मनात जिना उतरल्यापासून घोळत होतं. या माणसाच्या कार्डावर तिसरी ओळ आहे की नाही, हे आपण तरी कधी पाहिलं?

“एक विचारू?” त्या म्हणाल्या. “ठकीला बरं नव्हतं ना, त्या दिवशी सकाळी काय झालं?”

पान्हा थांबला. चौदा वर्षांत पहिल्यांदा ते नाव त्या घरात आलं होतं.

“तुला माहीत आहे.”

“मला माझं माहीत आहे. तुमचं विचारतेय.”

त्यानं वायसर बोटांत फिरवला, उजेडाकडे धरला, परत खाली ठेवला. काकू गप्प राहिल्या. गप्प कसं राहायचं ते त्यांना येत होतं.

“ती आधी माझ्याकडे आली होती,” तो म्हणाला. “तू आत डबे भरत होतीस. मी दाढी करत होतो. म्हणाली, बाबा, आईला सांगा ना, आज खरंच दुखतंय. मी आरशातूनच पाहिलं तिच्याकडे. म्हटलं, आईला विचार.” त्याच्या हाताला नळाचं काळं लागलं होतं. तोच हात त्यानं तोंडावरून फिरवला. “मागं वळून पाहिलं असतं तर दिसलं असतं, तिचा रंग कसा झाला होता तो. आरशात वाफ होती.”

उघड्या नळातून एक थेंब पातेल्यात पडला, मग आणखी एक. एरवी थेंब पडला की हा माणूस जेवणावरून उठायचा. आज त्याला ऐकूच आलं नाही.

काकूंना खूप काही म्हणता आलं असतं. ‘मग मला का म्हणालात?’ हे तर जिभेच्या टोकावर होतं. त्यांनी ते गिळलं. मग विचारलं, “हे तुम्हाला कधी कुणी विचारलं का हो?”

“कोण विचारणार?” तो म्हणाला. मग पहिल्यांदा मान वर करून त्यानं काकूंकडे पाहिलं. डोळे लाल झाले होते. “तू तरी कुठं विचारलंस?”

काकू उठल्या. फळीवरची कंपासपेटी आणली आणि पान्हा-दोऱ्याच्या पसाऱ्यात, दोघांच्या मध्ये ठेवली. पातेलं भरत आलं होतं. ते कुणी उचललं नाही.